पेशवाईतली लक्ष्मी

शनिवार

उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या नसत्या तर सांगलीहून पुण्याला तासभर तरी आधी पोचले असते. कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. कराडपर्यंत एसटी त्यांच्या मागे मागे मुंगीसारखी सरकत होती, आणि मी मांडीवरचं बोचकं दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"मावशी, वर ठेवा की ते," शेजारच्या पोराने दोनदा सांगितलं.

"नको. लक्ष्मी आहे."

त्याने पाय आखडून घेतले आणि साताऱ्यापर्यंत कानातलं गाणंही हळू ठेवलं.

आजीच्या फाटक्या इरकली लुगड्यात गुंडाळलेली ती एक लादी होती. चिनीमातीची, सहा इंच बाय सहा इंच. गुलाबी कमळावर उभी चार हातांची लक्ष्मी, मागच्या दोन हातांत कमळं, डाळिंबी साडी, शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती. पाणी हिरवं, इतकं गडद की खोलगट भागात बोट बुडेल असं वाटावं. उंचवट्यांवर तोच हिरवा रंग पातळ होऊन पोपटी झालेला. झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे. मागच्या बाजूला अर्ध्या इंचाचा पांढरट लपका, भिंतीतून काढताना सोबत आलेला.

शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडला तेव्हा आजी कायमची सांगलीला आली. येताना तिने सामान फार आणलं नाही. ताम्हण, सहाण, आजोबांची काठी आणि ही लादी. चाळीसेक वर्षं ती आमच्या देवघराच्या भिंतीत होती. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पेशवाईतली आहे हो." वडील कारखान्यात इंजिनियर. ते आजीच्या माघारी म्हणायचे, "कसली पेशवाई, विलायती माल आहे. मिंटन कंपनी." काकांचं मत चीन. तिघेही आता नाहीत, त्यामुळे वाद तसाच राहिला होता. यंदा घर रंगवायला काढलं, गवंड्याने लादी अलगद सोडवून हातात दिली, आणि मुलीने तिची कड बोटाने चाचपून विचारलं, "आई, पेशव्यांच्या काळात इतकी काटकोनात लादी कोण कापायचं?"

उत्तर नव्हतं. म्हणून पुणे. पुण्यात आत्या आहे, वय चौऱ्याऐंशी, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी.

आत्याचा नातू स्वारगेटला घ्यायला आला होता. तो मलाही आत्याच म्हणतो, त्यामुळे त्या घरात मी 'सांगलीआत्या'. बोचकं सोडायच्या आत आत्याने फर्मान काढलं, "आधी शनिवारात जाऊन येऊ. उजेड आहे तोवर."

वाड्याच्या जागी पाच मजली इमारत आहे. नाव वाड्याचंच, पुढे 'अपार्टमेंट' लागलंय. आत्या पार्किंगमध्ये उभी राहून हाताने हवेत वाडा उभा करायला लागली. इथे दिंडी दरवाजा. इथे चौक. ही स्कूटर आहे ना, तिथे विहीर. देवघराचं दार होतं तिथे आता विजेची मीटरं होती.

"दाराच्या दोन बाजूंना दोन लाद्या होत्या," आत्या म्हणाली. "डावीकडे ही. उजवीकडे सरस्वती."

सरस्वतीचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

"पानशेतात गेली ती," आत्या म्हणाली. पुण्याच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'पानशेत' हे गाव नाही, तारीख आहे. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खाली खडकवासलाही फोडलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आत्या तेव्हा एकवीस वर्षांची. सगळे गच्चीवरून शेजारच्या उंच घरात गेले. दोन दिवसांनी परत आले तर चौकात गुडघाभर गाळ. "खालचं बांधकाम दगडाचं, वर सगळी पांढरी माती. पाणी प्यायली की ती भिंत पिठासारखी बसते. उजवी भिंत बसली. डावी राहिली. लक्ष्मी हनुवटीपर्यंत चिखलात होती, मी पदराने पुसली."

परत निघताना जिन्याकडे लक्ष गेलं. प्रत्येक वळणावर कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर देवाची एकेक टाइल. गणपती, साईबाबा, बालाजी, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर लक्ष्मी, भडक आणि गुळगुळीत, बहुतेक गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यातली.

"इथे देव कशाला?" मी विचारलं.

"पान खाऊन थुंकतात ना लोक," नातू म्हणाला. "देव लावला की थुंकत नाहीत."

रविवार

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेत. नातवाला सुट्टी, म्हणून त्याला घेऊन सकाळीच गेले. आत्याने बजावलं होतं, लादी घेऊन जाऊ नकोस, फोटो ने. ते ऐकलं हे बरं झालं.

ज्यांनी हा बाजार पाहिला नाही त्यांना काय सांगू. रस्त्याकडेला गोधड्या अंथरलेल्या, आणि त्यावर पाने, पकडी, एकेकटे बूट, पितळी कुलपं, बंबाच्या तोट्या, रेडिओचे व्हॉल्व्ह, कुणाच्या तरी लग्नातला रंग उडालेला फोटो. एका गोधडीवर फक्त चाव्या होत्या. शेकड्यांनी. कुलूप एकही नाही. त्या माणसाचं दिवसभरात काय विकलं जात असेल, या विचारात मी उगाच पाच मिनिटं तिथे घालवली.

लाद्या ठेवणारे तिघेजण भेटले. पहिल्याने फोटो बघून न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "पेशवेकालीन पीस आहे. आणा, बघू." दुसरा म्हणाला, "हे इंग्लंडचं. राणीच्या टायमाचं." माझ्या घरातल्या दोन्ही पक्षांना इथे एकेक वकील मिळाला म्हणायचा. दोघांनीही भाव विचारला, किंमत मात्र सांगितली नाही. पुण्यात जुन्या वस्तूला पेशवेकालीन म्हणणं ही थापसुद्धा नसते, तो एक प्रकारचा नमस्कार असतो. अडकित्ता पेशवेकालीन, झुंबर पेशवेकालीन. परवा एकाने ग्रामोफोनसुद्धा पेशवेकालीन सांगितला होता, असं नातू शपथेवर सांगतो.

तिसरा म्हातारा होता, टोपी घातलेला, गोधडीवर मोजून आठ लाद्या. फुलांच्या, मोराच्या, एक द्राक्षांची. त्याने फोटोकडे न बघता मलाच विचारलं, "पाठ बघितली का?"

"मागे लपका आहे."

"मग तोंड बघून काय कळणार? लादीचं गोत्र पाठीवर असतं." त्याने गुलाबाची एक लादी उलटी केली. पाठीवर जाळीसारखे उभे-आडवे उंचवटे, मसाला धरून राहावा म्हणून ठेवलेले, आणि मधोमध इंग्रजी अक्षरं, मातीतच उमटलेली. मेड इन जपान. दुसरी उलटी केली, तेच. मोर उलटा केला, तेच. द्राक्षाच्या पाठीवर मात्र इंग्लंड होतं.

"देवाच्या पण जपानी येतात?" मी विचारलं.

"देवाच्याच जास्त लोक मागतात. मिळत नाहीत. वाडा पडताना जेसीबी काय देव बघतो?"

त्याच्याकडून मी गुलाबाची लादी घेतली. दोनशे रुपये घासाघीस करून, आणि मग लाज वाटून वीस रुपये परत दिले.

रात्री नातवाने आणि मी मोबाइलवर बसून जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं. मातीची कोरडी भुकटी पोलादी साच्यात दाबून काटकोनी वस्तू काढायची युक्ती इंग्लंडमध्ये १८४० साली पेटंट झाली आणि मिंटनने ती उचलली. साचा दाबला की चित्राच्या रेषा उंच आणि मधली जागा खोल होते. भाजलेल्या लादीच्या त्या खळग्यांमध्ये रंगीत झिलई हाताने भरायची आणि पुन्हा भट्टीत घालायची. रंग वितळून खोलात साचतो, कडांवरून ओघळतो. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. काटकोन पोलादाचा होता. पेशवाई संपली १८१८ साली. म्हणजे आजीचा पक्ष बाद.

जपान्यांनी हे कोरडं दाबकाम १९०८च्या सुमारास साधलं. नागोयाजवळ आणि आवाजी बेटावर कारखाने निघाले, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांनी मिंटनसारखा माल मिंटनपेक्षा कितीतरी स्वस्तात करायला सुरुवात केली. तैवान, सिंगापूर, आणि मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान. इथे गुलाब चालतो, पण देव जास्त चालतो, हे त्यांना लवकर कळलं. तमिळनाडूतल्या चेट्टिनाडच्या हवेल्यांमध्ये अशा लक्ष्मी-सरस्वती आजही भिंतींवर आहेत.

फक्त एक प्रश्न राहत होता. आवाजी बेटावरच्या कारागिराने लक्ष्मी कुठे बघितली?

सोमवार

सकाळी राजा दिनकर केळकर संग्रहालय. बाजीराव रस्त्याच्या एका बाजूला आत गेलं की लागतं. लादीसाठी गेले, पण खरं सांगायचं तर लहानपणी वडिलांबरोबर गेले होते, ते पुन्हा बघायचं होतं.

दिनकर केळकर चष्म्याच्या व्यवसायातले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला, आणि त्याच्या नावाने या माणसाने आयुष्यभर वस्तू गोळा केल्या. त्याही कुठल्या? राजेरजवाड्यांच्या तलवारी सगळेच गोळा करतात. यांनी अडकित्ते जमवले, दिवे, दौती, पायाच्या वजऱ्या, कुंकवाचे करंडे, पावशी, शेवयांचे साचे. बायकांच्या हातातल्या वस्तू. गावोगाव फिरून, प्रसंगी घरातलं सोनं मोडून. १९७५ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. वीस हजारांच्या आसपास वस्तू, त्यातल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात.

अडकित्त्यांच्या दालनात मी बराच वेळ होते. घोडा, पोपट, एकमेकांना बिलगलेलं जोडपं. सुपारी फोडायला ठेवली की दोघांची तोंडं जवळ येणार. कुणा लोहाराने हे केलं आणि कुणा सासूने हे चारचौघांत वापरलं, याची मला गंमत वाटली. कोथरूडहून उचलून आणून आत पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल बघितला. त्या खांबांमध्ये उभं राहिल्यावर पेशवाईतली सजावट कशी होती ते लख्ख कळतं. लाकूड, चुन्याचा गिलावा, त्यावर रंगकाम. आमच्या लादीचं तिथे काहीही गोत जुळत नव्हतं, आणि ते चांगलंच झालं. आजी बाद झाल्याचं दुःख जरा कमी झालं.

दुपारी कसब्यात. नातवाचा एक मित्र जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. त्याच्या साइटवर सत्तरीचे एक गवंडी होते. लादी बघताच त्यांनी मागचा लपका नखाने उकरला, चिमूट जिभेला लावली.

"चुना आहे, बाई. सिमेंट असतं तर लादी तुटली असती, सुटली नसती. चुना समजूतदार असतो."

"काढता येईल?"

"लोखंड लावायचं नाही. पाण्यात बुडवून ठेवा दोन रात्री. मग लिंबू पिळा, फसफसेल, आणि बांबूच्या कामटीने खरवडा. घाई केली तर पाठीबरोबर पोटही येईल."

घरी येऊन मी घंगाळात लादी बुडवली. आत्या बघत होती. "लक्ष्मीला पाण्यात? आणि वर लिंबू? अमावास्या आहे का?"

मंगळवार

लक्ष्मी कुठून आली याचं उत्तर पुण्याहून लोकलने दीड तासावर आहे हे कळलं, तेव्हा घरात बसवेना. आत्यालाही यायचं होतं. "लोणावळा लोकलमध्ये मी शेवटची बसले ती बोरघाटात पाऊस बघायला, तुझे काका होते तेव्हा." शिवाजीनगरला सकाळची लोकल पकडली. खडकी, दापोडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी इथपर्यंत गर्दी, देहूरोडनंतर डबा रिकामा.

तळेगाव आलं तसं आत्याने खिडकीतून बोट दाखवलं. "पैसा फंडाचा काचकारखाना. दादा फार अभिमानाने सांगायचे." दादा म्हणजे माझे आजोबा. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तो उभा करणारे ईश्वरदास वार्ष्णेय काचेचं काम शिकले होते कुठे, तर जपानात. मला हे आठवलं आणि मी आत्याला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे जपान्यांकडून काच शिकून आलो आपण, आणि त्यांनी लक्ष्मी शिकून घेतली."

कामशेतनंतर मळवली. छोटं स्टेशन. एका बाजूला लोहगड-विसापूरच्या भिंती, पलीकडे कार्ल्याचा डोंगर, आणि मधून द्रुतगती महामार्ग मोठ्याने वाहतोय. उतरलेल्या बहुतेक पोरांच्या पाठीवर सॅक होत्या, ती भाज्याच्या लेण्यांकडे निघाली. आम्ही दोघी चहाच्या टपरीवर बसलो.

आमची लक्ष्मी जिथून निघाली तो छापखाना या गावात होता, आणि त्यासाठी हे गाव निवडायचं कारण प्लेग होतं. राजा रविवर्मा, १८४८ साली केरळात किळिमानूरला जन्मलेले चित्रकार. त्यांची तैलचित्रं राजेमहाराजांच्या भिंतींवर. ती सामान्य माणसाच्या घरात पोचावीत म्हणून १८९४ साली त्यांनी आणि त्यांच्या भावाने मुंबईत गिरगावात छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीर जर्मन. चित्र दगडावर उतरवायचं, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड. लक्ष्मीच्या साडीला एक, कातडीच्या छटांना तीन-चार, पाण्याला एक. एकच कागद या सगळ्या दगडांवरून जायचा, आणि केसभर जरी सरकला तरी देवीला दोन नाकं. शेवटी वर वार्निश, की ते तैलचित्रासारखं चमकायचं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि छापखाना तीन वर्षांनी हलला तो इथे, मळवलीला. स्वच्छ हवा, शेजारी रेल्वे. थोड्याच वर्षांत रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. सिनेमाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यासाठी काम केलं. १९७२ साली आग लागली आणि बरंच काही जळालं.

तर कमळावर उभी लक्ष्मी, मागच्या हातांत कमळं, बाजूला माळ घेतलेला हत्ती, ही रविवर्म्यांची लक्ष्मी. त्याआधीही लक्ष्मी होतीच, पण ती मूर्तीतली, ठाशीव, समोर बघणारी. गोल चेहऱ्याची, घरंदाज बाईसारखी साडी नेसलेली, खऱ्या तळ्यात उभी लक्ष्मी या छापांनी घराघरांत पोचवली. कॅलेंडरवर गेली, काडेपेटीवर गेली, कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या लेबलांवर गेली. आणि तोच छाप जपानी कारखान्यातल्या साचा कोरणाऱ्याच्या टेबलावर जाऊन पडला. त्याने ती सहा इंचांत बसवली. आमच्या लादीत हत्तीची सोंड जरा जास्तच वळलेली आहे. त्या माणसाने हत्ती बघितला नसावा अशी मला दाट शंका आहे.

छापखाना कुठे होता हे टपरीवाल्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. शेजारी बसलेल्या एका वृद्धाने हात उचलून मोघम दिशा दाखवली, "त्या अंगाला. आता काय राहिलंय?" त्या अंगाला आम्ही जरा चाललो. आंब्याची झाडं, एक कुंपण, कुत्रं. आत्या दमली. दुपारी लोकल विरळ असतात, त्यामुळे दोन तास फलाटावर बसून डबा खाल्ला. आत्याने गूळपोळ्या केल्या होत्या. तिला त्या दिवसाचं वाईट वगैरे काही वाटलं नाही. उलट परतताना म्हणाली, "म्हणजे आपली लक्ष्मी इथून तासाभराच्या वाटेवरून निघाली, जपानला जाऊन आली, आणि परत शनिवार पेठेत. वळसा केवढा घातला बाईने."

रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने अंधारातच हाक मारली. "अगं, दादांची एक वही आहे माझ्याकडे."

"कसली वही?"

"मोठ्या खर्चांची. त्यात माझी जन्मवेळ लिहिलीय म्हणून मी ठेवलीय. पण मोडीत आहे, मला वाचता येत नाही."

चार दिवस मी पुणं पालथं घातलं होतं, आणि वही माझ्या उशाशी, पलंगाखालच्या ट्रंकेत होती.

बुधवार

सकाळी सहाला उठून घंगाळातून लादी काढली. चुना मऊ झाला होता. लिंबू पिळलं तसं खरंच फसफसलं. नातवाने उदबत्तीच्या काड्या जोडून कामटी केली, ती मोडली. मग खराट्याची. तासभर खरवडून हाताच्या तळव्याएवढी जागा मोकळी झाली. उंचवट्यांची जाळी दिसली. गुलाबाच्या लादीसारखीच. कोपऱ्यात अक्षरं उमटायला लागली, पण अर्धा चुना घट्ट चिकटलेला.

नातवाने टॉर्च मारला. "पी. ए. एन."

आत्याने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय निघालं?"

"पान."

"पान? विड्याचं?"

आम्ही हसत सुटलो. जिन्यातल्या मोरबीच्या देवांची आठवण होऊन नातू तर जमिनीवरच बसला. आणखी अर्ध्या तासाने 'जे' आणि 'ए' निघाले. वरच्या ओळीतले 'मेड' आणि 'इन' चुन्याखाली अजून आहेत. राहू देत. वडील आणि काका, तुम्हीही बाद.

वही लाल कापडी पुठ्ठ्याची, कसरीने पानांना जागोजाग भोकं पाडलेली. आत्याच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात, त्यांना मोडी येते. ते चष्मा पुसत पुसत आले आणि पहिल्यांदा आत्याची जन्मवेळ वाचून दाखवली. ती तिला माहीत होती त्यापेक्षा वीस मिनिटांनी वेगळी निघाली, त्यावरून जरा गडबड झाली. पत्रिका जुळवून लग्न झालेलं, काका जाऊन बारा वर्षं झाली, आता काय करायचं होतं कोण जाणे, पण आत्या पाच मिनिटं अस्वस्थ होती.

मग मागची पानं. शके १८५७, आश्विन. म्हणजे १९३५ सालची दिवाळी. देवघराची दुरुस्ती. चुना, वाळू, गवंडी, बिगारी. आणि मग एक ओळ, जी गुरुजींनी दोनदा वाचली.

"'लाद्या चिनी, जपानी, देवीच्या, नग दोन.'"

दुकानाचं नाव होतं तिथे कसरीचं भोक. मुंबई की पुणे, तेही त्या भोकातच गेलं.

आत्या काही बोलली नाही. मी तिच्याकडे बघितलं.

"दादा आयुष्यभर खादी नेसले," ती म्हणाली. "लहानपणी परदेशी कापडाची होळी बघितलेला माणूस. १९०५ सालची, सावरकरांनी पेटवलेली. आमच्या घरात विलायती सुई येत नसे. आणि लादी जपानी?"

त्या वर्षांत जपानी माल का पसरला होता हे मी परवाच वाचलं होतं. १९३१च्या डिसेंबरात जपानने सोन्याशी असलेली येनची गाठ सोडली, येन घसरला, आणि जपानी कापड, सायकली, खेळणी, चिनीमाती इतकी स्वस्त झाली की इंग्रज गिरणीवाले आणि इथले गिरणीवाले दोघेही ओरडायला लागले. १९३४ साली त्यावर करार करावा लागला. स्वस्त म्हणून घेतली असेल, एवढंच मी म्हणाले.

"स्वस्त म्हणून नाही," आत्या म्हणाली. "आईला आवडली असणार. मागितली असणार तिने. दादा तिला नाही म्हणत नसत." थोडं थांबून, "मग लोक विचारणारच की, खादीवाल्यांच्या देवघरात ही कुठली? तेव्हा आई म्हणायला लागली असेल पेशवाईतली. जुनी म्हटली की कुणी पुढे विचारत नाही."

चाळीस वर्षं आम्ही सांगलीत ते वाक्य ऐकत होतो. वडिलांनी ते कधी आजीच्या तोंडावर खोडलं नाही. त्यांना माहीत होतं का, की फक्त शंका होती? मिंटन, मिंटन करत राहिले ते कशासाठी? जपानी म्हटलं असतं तर आजोबांपर्यंत पोचलं असतं.

"अजून एक आहे," गुरुजी म्हणाले. त्यांचं बोट ओळीच्या शेवटी होतं. "'किंमत एक रुपया चार आणे. पैकी सरस्वतीचा कोपरा मोडका, सबब दोन आणे सूट.'"

आत्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तरीच," ती म्हणाली, "माझं गणित कच्चं राहिलं."